गाळ पिळायला घरचं कापड

भिवंडीत कामतघरला आमच्या आत्याच्या भाजीच्या वाफ्यांना लागून एक डाइंग होतं, म्हणजे कापड रंगवायचा कारखाना. बीएस्सी झाल्या झाल्या मला पहिली नोकरी लागली ती तिथेच, लॅबमधे. लॅब म्हणजे एक टेबल, थोड्या बाटल्या आणि एक पंखा, तोही लाइट असली तर. आणि तेव्हा भिवंडीत लाइट किती असायची ते काय मी सांगायला पाहिजे?

माझं काम काय, तर कापड रंगवून झाल्यावर जे निळंजांभळं पाणी उरतं ते साफ करायचं. त्यात चुना-तुरटी टाकली की रंग खाली बसतो, वरचं पाणी सोडून द्यायचं, खाली उरतो तो गाळ. आता या गाळाची गंमत ऐका. तो दिसतो चिखलासारखा, पण असतं त्यात बहुतेक पाणीच! पाणी पिळून काढलं की हौदभर गाळाची थोडीशी घमेली होतात. एवढं सोपं. पण आमचे शेठ पिळायचं सोडून नुसते हौदावर हौद भरत बसले. उन्हात वाळेल म्हणे. वाळायच्या आत नवीन गाळ त्याच्या डोक्यावर!

शेवटचा हौद आत्याच्या बाजूच्या भिंतीला टेकलेला. ती भिंत ओलसर दिसायला लागली होती. पलीकडे भेंडी, वाल, माठ. आत्याचं घर त्याच्यावर चालतं. भिंत गेली की सगळा रबडा थेट वाफ्यांत. मला तर रात्रंदिवस तेच दिसायचं.

शेठ आमच्याच गावातले. राहनाळची शेतजमीन गोडाऊनला विकली, पैसा आला, आणि पैशाच्या मागोमाग अक्कलपण आली असा त्यांचा समज झाला. मी रोज जाऊन डोकं खायची, तेव्हा कुठे त्यांनी एक जुना फिल्टर प्रेस उचलून आणला. तेलाच्या घाण्यात तेल निघून पेंड उरते ना, तसंच. लोखंडी प्लेटा, मधे कापड, पंपाने गाळ आत ढकलायचा, पाणी कापडातून बाहेर, आत सुकी पेंड. मी नाचायचीच बाकी होते.

फक्त कापड नव्हतं. त्याला वेगळं येतं, प्लॅस्टिकच्या धाग्याचं, मजबूत. मी म्हटलं, मागवूया.

शेठ पोट धरून हसले. "भिवंडीत कापड विकत घ्यायचं? अगं पोरी, लोक तोंडात शेण घालतील माझ्या!"

त्यांचा मेहुणा मॅनेजर होता, म्हणजे खुर्चीवर बसायचा. मॅनेजर झाल्यापासून डाइंगमधे फक्त हिंदीतच बोलायचा. "मॅडम, कपड़ा हमको मत सिखाओ."

आणि लगेच मेहुण्याच्याच लूमवरून, म्हणजे मागावरून, कोऱ्या कापडाचा ताका आला. कडक, खळ लावलेला. सूत तुटू नये म्हणून सायझिंगमधे खळ चढवतात आणि ती पाण्यात फुगते, हे भिवंडीत शेंबड्या पोरालाही माहीत. त्यात आमच्या डाइंगचं पहिलं काम काय? कापडाची खळ धुऊन काढणं! ती गेल्याशिवाय रंग आत शिरत नाही. मग गाळाचं पाणी कसं शिरेल? मी तोंडावर विचारलं.

"वो रंगाई है मॅडम, ये सफाई है."

घ्या!

प्रेसला हार घातला, नारळ फोडला, पेढे मागवले. लूमवाले शेजारी पांढऱ्या शर्टात हजर. शेठनी स्वतः बटण दाबलं. थोडं पाणी निथळलं, टाळ्या झाल्या. मग धार बारीक झाली, मग थेंब, मग तेही बंद. प्रेशरचा काटा मात्र वर वर वर.

"शेठ, बंद करा! कापड चोंदलंय!" मी किंचाळले.

"प्रेशर बढ़ाओ!" मेहुणा.

पंपवाल्याने वाढवलं. फाट्ट! कापड फाटलं आणि सगळे निळे. शर्ट, हार, पेढे, सगळं निळं. एक लूमवाला मिशा पुसत म्हणाला, "शेठ, रंग पक्का आहे हां तुमचा."

एखादा इथे शहाणा झाला असता. यांनी काय केलं? मेहुण्याने टेम्पो भरून लाकडाचा भुसा आणला आणि हौदांत ओतला. लगेच कोरडं दिसतं म्हणे. दिसतं! अरे, कमी करायचा होता ना गाळ? यांनी वरून भर घालून वाढवला. वर भुशाची साय, खाली तोच रबडा. त्या भाराने एका दुपारी भिंतीचा कोपरा बसला आणि निळा लोंढा आत्याच्या भेंडीत घुसला.

आत्या तशीच, चिखलाच्या पायांनी ऑफिसात. "आरं ए शेठ! भाईर ये. बग तुजा रंग!"

"बाय, ओरडू नको गं. वरनं चांगली माती टाकून देतो. काय कलनार पन न्हाय."

"कलनार न्हाय? माती टाकली का लगेच पिकती काय रं? शेती इकलीस त्याला किती दिस झालं, इसरलास पन?"

शेठनी तिथल्या तिथे मला कापड मागवायला सांगितलं. मेहुणा हिंदीबिंदी विसरून हळूच बाहेर सटकला.

मग आलं ते कापड. विकतचं! प्रेस असा चालला म्हणून सांगू, पेंड बिस्किटासारखी तुटायची. हौद रिकामे झाले, भिंत नवीन बांधली, आणि शेठ येईल त्याला पेंड हातात देऊन सांगायचे, "आपली आयडिया." भिंतीजवळचे वाफे मात्र गेले ते गेलेच. माती टाकली, तरी तिथे काही धरेना. विहिरीकडचे तेवढे वाचले.

नंतर एकदा मी आत्याकडे बसले होते, तर मेहुणा स्कूटरवर आला. त्याच्या बहिणीचा, म्हणजे शेठच्या बायकोचा, निरोप घेऊन; इथे मात्र मराठीत. "आत्या, ताईनी भेंडी मागवलीय. पण ती भिंतीकडची नको हां, विहिरीकडची दे."

आत्याने त्याच्याकडे नीट बघून घेतलं. "ताईला सांग, भिंतीकरं आता भेंडी व्हत न्हाय. का व्हत न्हाय, ते नवऱ्याला इचार."

आणि विहिरीकडच्या भेंडीची टोपली डोक्यावर घेऊन सरळ नाक्यावर विकायला गेली.