मांजरीची सात घरं

समोरच्या गच्चीवर एक गाभण मांजर उन्हात ऐसपैस पसरली आहे. मलाही नववा महिना लागलाय. पण तिला ना मास्क, ना कोरोनाची चाचणी, ना जिल्हा ओलांडायला पास. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. माझं माहेर मात्र फोनमध्ये.

"डिंकाचे लाडू वळून ठेवलेत गं," आई म्हणते.

दवाखान्यात ह्यांना आत सोडतील का, बाळाला माझ्याजवळ ठेवतील का, कुणीच धड सांगत नाही.

मांजर उठली, आणि कुणालाही न विचारता शेजारच्या घरात शिरली. माझा नुसता जळफळाट झाला. मांजर म्हणे पिल्लांना सात घरं फिरवते.

मेलीला सात, आणि मला आईचं एक मिळू नये?