काळ्या रंगाखाली

मुलीसाठी जुनी इलेक्ट्रिक गिटार बघत होते. काळा रंग फारच कोरा वाटला, म्हणून विचारलं, "पुन्हा रंगवलीय का?"

"बघूया की," म्हणत दुकानदारानं स्क्रू काढून तारांखालची प्लास्टिकची पट्टी उचलली. आत जुना निळा रंग होता आणि त्यावर ओळखीच्या अक्षरात खिळ्यानं कोरलेलं 'ताई'.

माझ्या पहिल्या पगारातून विनूला घेतलेली गिटार! घर सोडताना माझ्या या धाकट्या भावानं तेवढीच नेली होती. नंतर त्याचा पत्ता नाही. वस्तूला नवा रंग देता येतो. पण आधी ती ज्याच्या हातात होती, त्याचं काय झालं असेल?

"कुणी विकली?"

"एका माणसानं, गेल्या महिन्यात. फार खोकत होता हो."

मी त्या कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं. विनूच असणार तो. गेल्या महिन्यापर्यंत तरी जिवंत होता.