करडाच्या मापाचं अंगडं

सन एकोणीसशे चौपन्न. मी बावीस वर्षांचा होतो आणि माणसाला येण्यासारखं सगळं मला येत होतं.

त्या उन्हाळ्यात माझी पहिली लेक किकवीला, बायकोच्या माहेरी झाली. मेव्हणा बबन सांगावा घेऊन शिवऱ्याला आला. मी विचारलं, "केवढी हाय?" आमच्या शेळीला आदल्याच दिवशी करडू झालं होतं. त्याच्याकडं बोट करून तो म्हणाला, "दाजी, एवढी धरा."

लगेच किकवी गाठली. पण बारशापतोर बाळंतिणीच्या खोलीत गड्याला मज्जाव. सासूबाई उंबऱ्यातच आडव्या उभ्या.

"पाव्हणं, सव्वा महिन्यानं लेक-नात धाडा म्हणताय. तुमची आई न्हाई, बहीण न्हाई. तान्ह्या पोरीचं करणार कोण? दिवाळीपतोर हितंच राहू द्या."

"म्या करीन."

"बारशाला बापाच्या घरचं अंगडं लागतं. ते कोण शिवणार?"

"म्याच."

आतनं बायको म्हणाली, "अवं, पैज मारू नका."

पैज मारून झाली होती. अंगडं पोरीला बसलं तर दोघी सव्वा महिन्यानं माझ्या घरी. न्हाई बसलं तर दिवाळी किकवीलाच.

तान्ह्याच्या अंगाला पहिल्यांदा नवं कापड लावत नाहीत, वापरून मऊ झालेलं लागतं. माझ्या दोन बनियनींतली जास्त जुनी फाडली. (दुसरीलाही भोकं होती, पण ती हवेशीर म्हणून ठेवली.) शिवणकाम मला नवं नव्हतं. धान्याची पोती मी दाभणानं अशी शिवायचो, की उंदीरही दुसऱ्याच्या घरी जायचे. पोरीचं माप नव्हतं, पण करडू होतं. त्याला मांडीवर घेतलं, कापड पाठीवरून पोटाखाली गुंडाळलं, एकावर एक आणून कडेला बंद लावले, पुढच्या दोन पायांना दोन बाह्या काढल्या. अगदी बेतशीर!

शेजारची भागाकाकू कुडावरनं बघत होती. "बनियन झाली. आता धोतर कवा नेसवतोस?"

मी दोऱ्याला गाठ मारली. कारागीर कामात बोलत नसतो.

दोन-चार दिवसांनी करडाला घालून बघितलं, तर घट्ट. कापड आटलं म्हणायचं. उसवलं, कडेला पट्टी जोडली. पुन्हा घट्ट. पुन्हा पट्टी.

"आरं, कापड आटत न्हाई," भागाकाकू म्हणाली, "करडू वाढतंय."

"काकू, कापडातलं तुला काय कळतंय?"

शेवटी हवेशीर बनियनही पट्ट्यांत गेली आणि बारशाला मी सदऱ्याच्या आत उघडाच गेलो.

पाळण्याभोवती सगळ्या बायका जमल्या होत्या. सासूबाईंनी अंगडं उलटंसुलटं करून पाहिलं. "ह्याचं म्होरं कुठलं नि मागं कुठलं?"

"घातलं की कळतंय."

घातलं, बंद बांधले. करडाचे पाय छातीखालनं निघतात आणि माणसाचे हात बाजूनं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. दोन्ही बाह्या पुढं, छातीवर एकमेकींना चिकटलेल्या. खालचं उरलेलं कापड पाळण्याबाहेर लोंबत होतं, आणि वर माझी लेक साऱ्या गावाला हात जोडून पडली होती.

एक म्हातारी म्हणाली, "लई गुणाची हाय गं. आल्यागेल्याला नमस्कार करतीया."

बायकोनं पदर तोंडात कोंबला. सासूबाई म्हणाल्या, "दिवाळीला या, पाव्हणं."

"माप बराबर हाय," मी म्हणालो. "पोरगीच मापात न्हाई." आणि अंगडं उचलून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, करडाला अंगडं घातलं, खांद्यावर टाकलं आणि परत किकवी गाठून सासूबाईंच्या दारात त्याला उभं केलं. अंगावर एक सुरकुती नव्हती. सासूबाईंनी चहूबाजूंनी पाहिलं, आत जाऊन कुंकू आणलं आणि करडाच्या कपाळाला लावलं.

"बसलं की वो. हिला सव्वा महिना थांबवायचीबी गरज न्हाई. आजच घरी न्या."

परतताना कापूरहोळच्या फाट्यावर एक ओळखीचा म्हातारा बसला होता. उन्हामुळं डोळे बारीक करून त्यानं माझ्या खांद्यावरचं गाठोडं बघितलं. "लेक आणली व्हय रं घरी?"

काल हरलो हे त्याला कशाला सांगू? मी मान डोलावली. तेवढ्यात करडू ब्यां करून ओरडलं.

"वा," म्हातारा म्हणाला, "आवाज अगदी बापावर गेलाय."