धुक्यातले पाहुणे

जबलपूरचं धुकं ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना वाटतं, धुकं म्हणजे काहीतरी नाजूक, सिनेमातलं. आमच्याकडे जानेवारीत ते म्हशीसारखं दारात बसतं आणि हाकललं तरी उठत नाही. त्या वर्षी सलग चार दिवस ऊन पडलं नव्हतं. गढा भागातल्या आमच्या गल्लीत समोरच्या घराचा दिवा दिसायचा, घर दिसायचं नाही. आणि नेमकं त्यातल्या तिसऱ्या दिवशी अमरावतीची माणसं मला बघायला यायची होती.

हे सातवं स्थळ. मी एकतीस वर्षांची होते, शाळेत गणित शिकवत होते आणि स्वतः सहा वेळा नापास झाले होते. बाबांनी हाय खाल्ली होती. हे जमलंच पाहिजे, असं ते आईला रोज सांगायचे. मीही थकले होते. खरं सांगते, माणसं बरी दिसली की हो म्हणून टाकायचं, इथवर माझी तयारी झाली होती.

आधी मुलाचे आईवडील येणार, मुलगा नंतर. बाबा सकाळी सहालाच स्टेशनवर जाऊन उभे राहिले. दहा वाजले तरी पत्ता नाही. आईनं त्यांना फोन करून म्हटलं, अहो, त्या लोकांना विचारा तरी कुठवर आले. पण मुलाकडच्यांना आपण फोन करायचा नाही, आपण उतावळे दिसतो, हा बाबांचा नियम. शेवटी नागपूरकडून एक गाडी आली. बाबांनी त्या दोघांना कधी पाहिलेलं नव्हतं. घरात फोटो होता तो मुलाचा. आणि उतरणारा जो तो कानटोपी, मफलर, शालीत गुंडाळलेला, नाक तेवढं बाहेर. तेवढ्यात एक साठीतले गृहस्थ बायकोला मराठीत म्हणाले, "थंडी आहे का चेष्टा?"

बस. जबलपुरात जन्म काढलेल्या मराठी माणसाची ही जुनी खोड आहे. चोवीस तास हिंदीत राहून राहून, कुठंही मराठी कानावर पडलं की तो माणूस आपल्याकडेच आला आहे असं आम्ही धरून चालतो. बाबांनी पुढं होऊन त्यांची बॅगच उचलली.

"चला. गढ्यालाच ना?"

"हो, हो. मुलगा म्हणालाच होता, घ्यायला येतील म्हणून."

घरी आल्यावर गृहस्थ बसलेच नाहीत. त्यांनी आधी नळ सोडून पाहिला.

"पाणी केव्हा येते?"

"दोन्ही टाइम येते," बाबा म्हणाले.

"आणि ऊन?"

बाबांनी खिडकी उघडली. बाहेर सगळं पांढरंफटक. "ऊन इकडून येते," ते हात करून म्हणाले, "आज दिसून नाही राहिलं."

मग गृहस्थांनी भिंतीवर तळवा ठेवून ओल तपासली. स्वयंपाकघरात आई माझ्या कानाशी लागली, "किती चांगले लोक आहेत. मुलगी सोडून घर पाहून राहिले." तोवर बाहेरून ऐकू आलं, "आमच्या मुलानं तर तुमच्याशी बोलून सगळं ठरवूनच टाकलं म्हणे." बाबा त्या मुलाशी एक शब्द बोललेले नव्हते. पण मुलाकडचे ठरलं म्हणतात तर आपण कशाला मोडता घाला, म्हणून तेही म्हणाले, "हो तर, ठरलंच आहे." आईनं तिथल्या तिथे देवापुढं साखर ठेवली.

मी साडीवर स्वेटर घालून मटारच्या करंज्या तळत होते. आईनं उत्साहात शहपुऱ्याचा पाच किलो मटार आणला होता आणि त्यातला निम्मा अजून सोलायचा होता. बाई आत आल्या, पाट ओढून बसल्या आणि सरळ सोलायला लागल्या. दोन दाणे ताटात, एक तोंडात. मुलाकडची बाई मुलीकडे येऊन मटार सोलते, हे मी कधी ऐकलंही नव्हतं.

"काय शिकवते तू?"

"गणित."

यापुढचा प्रश्न मला पाठ होता. स्वयंपाक येतो का? पण त्या म्हणाल्या, "मग मला एक सांग. उणे गुणिले उणे अधिक कसं होते? शाळेत छडी मारून पाठ करून घेतलं, समजावलं कोणीच नाही."

मी झारा ठेवून खालीच बसले. दाणे आणि टरफलं मांडून समजावलं. त्यांनी दोनदा अडवलं, एकदा हुज्जत घातली, मग मांडीवर थाप मारून म्हणाल्या, "अच्छा. उलट्याचं उलटं केलं की सुलटं. एवढंच होतं?" मला इतका आनंद झाला की कढईतल्या करंज्या काळ्या झाल्या. मुलगा कसाही असो, सासू हीच, असं मी ठरवून टाकलं. सासूवर भाळून लग्न ठरवणारी बाई त्या दिवशी जबलपुरात माझ्याखेरीज दुसरी नसावी.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मुलाचा आवाज मलाही ऐकू आला. "आई, तुम्ही आहात कुठे? घरमालक तासभरापासून स्टेशनवर शोधून राहिले तुम्हाला."

"अरे, घरमालकांकडेच तर आहोत. त्यांच्या मुलीनं करंज्या केल्या. तू आणि सूनबाई इकडेच या." बोलता बोलता त्या थांबल्या. माझ्या साडीकडे, आईनं काढलेल्या चांदीच्या वाट्यांकडे पाहिलं. "बेटा, तुम्ही खोली भाड्यानं नाही देत का?"

त्यांचा मुलगा नागपूरहून बदलून आलेला. त्याचा मराठी घरमालक आमच्यापासून तीन गल्ल्या पलीकडचा. अमरावतीकर नरसिंगपूरला गाडीत अडकून बसले होते, हे त्यांनीच थोड्या वेळानं कळवलं. बाबा कपाळाला हात लावून बसले. गृहस्थ म्हणाले, "आता खाऊनच जातो," आणि आणखी एक करंजी घेतली. सगळे हसले, मीही हसले. पण त्या बाईंना आधीच एक सून आहे, याचं मला अगदी मनापासून वाईट वाटलं. बाबा त्यांना पोचवून आले.

खरे पाहुणे तीनला आले. घर बघितलं नाही, मटार सोलला नाही. मी समोर बसलेली असताना त्यांच्यातल्या बाई बाबांना विचारत होत्या, "नोकरी सोडेल ना ही? उलटून तर बोलत नाही?" तासाभरानं उठताना म्हणाल्या, "आम्हाला पसंत आहे."

सात स्थळांत पहिल्यांदा मी पास झाले होते. दार लागताच आईचे डोळे भरून आले.

"मला नाही करायचं," मी म्हटलं.

बाबांना आधी कळलंच नाही. "काहून?"

"तासभर बसल्या, बाबा. माझ्याशी एक शब्द नाही बोलल्या."

"सकाळच्या बाईंना सून आहे, बेटा."

"माहीत आहे. पण तशीही बाई असते, हे मला आजच कळलं."

आई काही बोलणार होती, बाबांनी तिला हातानं थांबवलं. सहा नकार त्यांनी माझ्यापेक्षा जास्त मनाला लावून घेतले होते आणि आता आलेला एकुलता एक होकार मी परत करत होते. ते रागावतील, अशी मला भीती वाटली.

"ठीक आहे," ते म्हणाले. "मग थांबू आपण."