सगीराबी आणि ‘गडबड’ हा शब्द

शहरात, उस्मानपुऱ्यात सगीराबी गाद्या भरायची. मी कापसाची गाठोडी वाहायचो. जुना कापूस पुरता सुटा झाल्याशिवाय ती खोळीत घालत नसे. गिऱ्हाईक घाई करू लागलं तर म्हणायची, "दुसरीकडं जा."

तिचा बाप सरदार पिंजारी. निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस अ‍ॅक्शननंतर तिच्या गावातल्या लोकांनी त्याला दारातून ओढून नेलं आणि विहिरीत टाकलं. सगीरा बारा वर्षांची होती. कणगीमागून तिनं ओढणाऱ्यांतल्या नानासाहेबाला ओळखलं. चौकशीवाले आले, गेले. कोणी तोंड उघडलं नाही. त्या दिवसांना गावानं नाव ठेवलं, गडबड. सरदार गडबडीत गेला, असं म्हणत. हा शब्द कानावर आला की सगीराबी उठून जायची.

तीस वर्षांनी नानासाहेबाचा मुलगा बद्रीनाथ दुकानात आला.

"बापू जाणार आता. तुमच्यात मरताना म्हणतात ना, कहासुना माफ. तेवढं येऊन म्हणा, सगीराबी. जीव अडकलाय त्यांचा."

"अडकू दे."

तो पुन्हा आला. तेव्हा ती म्हणाली, "येते. पण घरात नाय. चावडीवर, लोकांसमोर." मग माझ्याकडं वळली. "कडूबा, तू चल. बाहेरचे दोन कान पायजेत."

गावी पोचलो. नानासाहेबाला चावडीवर न्यायला त्याची बाज चौघांनी उचलली. एक खूर माझ्याकडं होता. नानासाहेबाची नुसती हाडं उरली होती, तरी चढावर खांदा भरून आला.

"सगीरा, त्या गडबडीत जे झालं..." तो म्हणाला.

"गडबडीला हात असतात व्हय?"

"रझाकारांवर लोकांचा राग होता."

"रझाकार पळाले होते. माझा बाप दारात कापूस पिंजत होता. कोणी धरला त्याला?"

"पुरे करा," बद्रीनाथ म्हणाला.

"तुला नाय विचारलं."

ती बाजेजवळ सरकली.

"मी धरला," नानासाहेब म्हणाला. "मीच लोटला. त्याला पोहता येत होतं. मग वरून दगड टाकले."

दगडांचं तिला माहीत नव्हतं. मग लोकांकडं पाहून म्हणाली, "ऐकलं?"

"ऐकलं," म्हातारी दगडाबाई म्हणाली. बाकीचे खाली बघत राहिले.

बद्रीनाथनं हात जोडले. "आता म्हणा, माफ."

"मी येते म्हणाले होते. माफ करते कधी म्हणाले?"

ती सडकेकडं चालू लागली. नानासाहेब मागून हाका मारत होता. बाज परत न्यायला बद्रीनाथनं मला खुणावलं. मी हात लावला नाही.