लांब गेलेला चेंडू
सोनचाफ्याचा वास आला की पापडीच्या आमच्या वाडीतली एक सकाळ आठवते. निवृत्त झालेल्या बाबांनी गोल्फ शिकायला एक जुनं पुस्तक आणलं होतं. फटका मारल्यावर लगेच मान वर करायची नाही, असं त्यात लिहिलेलं. बाबांनी ते इतकं पाळलं की पहिला चेंडू कुठे गेला, ते त्यांना दिसलंच नाही. खाली बघतच त्यांनी चाफ्याची फुलं खुडणाऱ्या आईला विचारलं, "गेला का गं?" चेंडू समोरच्याच केळीत घुसला होता. "लांब गेला हो, पार कुंपणापलीकडे," आई म्हणाली. बाबा दिवसभर खुशीत होते. आता बाबा नाहीत. परवा केळीचा कांदा खणताना तो चेंडू निघाला. पदराने माती पुसत आई म्हणाली, "एवढा लांब गेलेला, परत कसा आला?"