साल्सात कूट

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी संध्याकाळी सव्वासातला हे सुरू झालं. तेव्हापासून साल्साचे इतके किस्से साठलेत की पोटात ठेवले तर मलाच पुरळ उठेल!

दुबईजवळच्या अजमानमध्ये आमच्या बिल्डिंगमधल्या आम्ही मराठी बायका शुक्रवारी जमतो. त्या दिवशी मंजिरीताईंकडे नाचोज आणि साल्सा. माझ्या चार वर्षांच्या परीला शेंगदाणा चालत नाही, हे सगळ्यांना पाठ आहे. तरी विचारलं, "ताई, यात काय काय?"

"टोमॅटो, कांदा, मिरची, लिंबू. खलास!"

दोन चिप्स खाल्ल्या नि परी म्हणाली, "मम्मा, इट्स इची." ओठ सुजले, श्वास घरघरायला लागला. टॅक्सी, इमर्जन्सी, इंजेक्शन!

डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? मी ताईंना फोन लावला.

"अगं, पातळ झाला होता म्हणून मूठभर दाण्याचं कूट टाकलं. कूट काय सांगायची वस्तू आहे? ते असतंच!"

*

नवरा शारजात गॅरेजवर असतो. आल्या आल्या मलाच, "तुझं लक्ष कुठं होतं?"

"गिऱ्हाइकानं पेट्रोलच्या गाडीत डिझेल भरलं, तर तुम्ही गाडीवर ओरडता का?"

स्वतःच ताट वाढून घेतलं.

*

बिल्डिंगमधल्याच सावंतकाकू परीला बघायला आल्या. "रोज थोडं थोडं कूट देत जा. सवय होते."

"काकू, तुम्हाला शुगर आहे ना? रोज थोडी थोडी जिलबी खा. सवय होईल!"

चहा न घेताच उठल्या.

*

मॉलमध्ये मेक्सिकन हॉटेलात वेटरला विचारलं, साल्सात मूंगफली आहे का?

"नहीं मॅडम, इन्शाल्ला!"

"इन्शाल्ला नको रे बाबा! देवाच्या मर्जीवर नको, आत जाऊन पूछ!"

परत आला तो घाबरलेला. "लाल वाला ठीक है. ये काला तेल वाला मत लेना, इसमें मूंगफली है."

म्हणजे मेक्सिकोतही मंजिरीताईंच्या बहिणी आहेत!

*

परवा मंजिरीताई स्वतः दारात. हातात वाटी, डोळ्यांत पाणी. "चुकलं गं माझं. परीसाठी नवा साल्सा केलाय. कूट नाही, देवाशपथ!"

मलाही भरून आलं. परी चमचा घेऊन धावत आली. वाटीवर तेल चमकत होतं. मी तिचा हात धरला.

"ताई, फोडणी कसल्या तेलाची?"

"गावाहून आलेलं, घाण्याचं शेंगदाणा तेल! एकदम शुद्ध. परीसाठी मुद्दाम नवी बाटली फोडली!"

हे आपापल्या बिल्डिंगच्या ग्रुपवर टाका, गावी फोन कराल तेव्हाही सांगा: दुसऱ्याच्या लेकराला वाढण्याआधी कूट, तेल, सगळं तोंडानं सांगायचं.